पाणी खालून येईपर्यंत

मॅटीबद्दल लिहायचं मी चार वर्षं टाळलं. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी दोनदा विचारणा झाली. "काका, तुमच्या त्या आयरिश शेजाऱ्यावर लिहा ना, किती गमतीचा माणूस होता!" दोन्ही वेळा मी त्यांना कढीपत्त्याच्या निगेवर लेख देऊन वाटेला लावलं. गमतीचा तर तो होताच. पण त्याची गंमत सांगायला बसलं की मध्येच माझं एक कृत्य आडवं येतं आणि तिथे लेखणी थांबते. आता मॅटी गेला. मीही ऐंशीला टेकलो. अजून टाळलं तर ते कायमचं टळेल, म्हणून लिहितो.

मी कोकणातल्या एका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. पत्नी गेल्यावर निखिलने, म्हणजे मुलाने, मला आयर्लंडला आणलं. त्याचं ऑफिस लांब, सँडीफोर्डला, पण तो महिन्यातून दोनदाच तिकडे जातो. एरवी घरूनच काम. सून मृणाल कासलबारच्या इस्पितळात. म्हणून घर कासलबारच्या बाहेर एका खेड्यात. खेडं म्हणजे एक चर्च, एक दुकान, दोन पब आणि पाऊस.

पहिल्याच वर्षी मृणालचा कढीपत्ता पिवळा पडला. मी त्याला रोज पाणी घालत होतो. पान गळलं की आणखी घालत होतो. एके दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला,

"बुडवतोयस तू त्याला."

बघितलं तर ढगळ जर्सी घातलेला, गाजराच्या रंगाच्या भुवयांचा एक उंच म्हातारा. हाच मॅटी. त्याने गेटमधून येण्याची तसदी घेतली नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस कुंपणावरून पाय टाकून आला, कुंडी उलटी केली आणि रोप हातात घेतलं. मुळं काळपट, मऊ, नासक्या भाजीसारखा वास. त्याने ती माझ्या नाकाखाली धरली.

"मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, मिस्टर...?"

"केळकर."

"केली! आमच्या आईचं माहेर केली." तेव्हापासून शेवटपर्यंत मी केलीच राहिलो.

मॅटीने चाळीस वर्षं मेयो कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, नोकरीत रस्त्याकडेची गटारं काढली होती. साचलेलं पाणी त्याला बघवत नसे. रस्त्यात डबकं दिसलं की गाडी थांबवून बुटाच्या टाचेने त्याला वाट करून द्यायचा आणि नोरा, त्याची बायको, आत बसून हॉर्न वाजवायची. "पाऊस वाईट नसतो केली," तो म्हणायचा, "थांबलेला पाऊस वाईट." मेयोत राहून पावसाला वाईट न म्हणणारा मी पाहिलेला तो एकटाच.

कुंडीतल्या मिश्रणाची त्याची एक परीक्षा होती. ओलसर मिश्रण मुठीत घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. गोळा राहिला, पण बोट लावताच भुरभुरला तर पास. माझ्या मातीचा गोळा बोट लावून, ढोसून, कठड्यावर आपटूनही फुटला नाही.

"आमच्याकडे याला बेसनाचा लाडू म्हणतात," मी म्हणालो.

"मग खा," मॅटी म्हणाला. "त्यात झाड नको लावू."

दुसरी परीक्षा पाण्याची. कुंडीवर मगभर पाणी ओतायचं आणि मारियामातेची छोटी प्रार्थना म्हणायला सुरुवात करायची. प्रार्थना संपायच्या आत पाणी खालच्या भोकातून यायला हवं. दुसरी प्रार्थना सुरू करावी लागली तर माती नापास. मला ती प्रार्थना येत नव्हती. मी बेचा पाढा लावला. बे दाही वीसच्या आत पाणी आलं पाहिजे, असं आमचं ठरलं. आमची नात ईरा तेव्हा सात वर्षांची. ती आम्हा दोघांकडे बघून म्हणायची, "आबा, यू टू आर प्रेयिंग टू अ पॉट."

मी गप्प ऐकून घेणारा नव्हतो. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालाव्यात, पाणी चांगलं निथळतं, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. आमच्याकडे आज्यापणज्यांपासून घालतात. मॅटी मला घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात गेला, नोराच्या हातातला भांडी घासायचा स्पंज काढून घेतला, पाण्यात बुडवला आणि आडवा धरला. पाणी ठिबकलं आणि थांबलं. "संपलं पाणी?" "संपलं." मग त्याने तोच स्पंज उभा केला, आणि खालून पुन्हा धार लागली.

"तळाला ओल राहतेच," तो म्हणाला. "खाली खापऱ्या घातल्यास तर ती ओल जात नाही, फक्त वर सरकते. मुळांच्या आणखी जवळ. कुंडी उंच घे आणि सगळं मिश्रणच मोकळं कर."

"मॅटी, माझा स्पंज," नोरा म्हणाली.

"विज्ञान चाललंय, नोरा."

"विज्ञानाने मग भांडी घासावीत."

नोरा चाकाच्या खुर्चीत असायची. तिला मज्जातंतूंचा जुना आजार होता. पायांत पेटके यायचे तेव्हा ती बोलता बोलता थांबायची, खुर्चीचा हात धरायची, आणि पेटका गेला की वाक्य तिथूनच पुढे न्यायची. तिच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, चहापत्तीच्या डब्याशेजारी मॅटीचे पर्लाइटचे डबे असत. पर्लाइट म्हणजे फुलवलेल्या दगडाचे पांढरे, हलके दाणे. मिश्रणात हवा राहावी म्हणून घालतात. पहिल्यांदा बघून मी आनंदाने ओरडलो होतो, "साबुदाणा!" आणि मृणालला एकादशीसाठी वाटीभर मागून घेणार होतो.

पण खरी मजा आली ती विटांची. मॅटीने दुकानातून दाबून वाळवलेल्या तपकिरी विटा आणल्या होत्या. बादलीत टाकल्या की फुगायच्या. मी वास घेतला आणि मला घर आठवलं. काथ्याचा भुसा! नारळाच्या सोडणांचा! ज्याचे आमच्या परसात ढीग पडलेले असत, तो हा माणूस गाडी काढून विकत आणत होता.

"इथे तर दारात दलदलीची काळी माती आहे," मी म्हणालो. "सगळं मेयो त्यावर उभं आहे."

"ती माती पाणी सोडत नाही," मॅटी म्हणाला. "आमचे लोक भांडण सोडत नाहीत ना, तशी."

हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

त्याच्या अंगणात मागे प्लॅस्टिकचा एक लांबट मांडव होता. पॉलिटनेल म्हणतात. पुढे टोमॅटो, मध्ये काकड्या. त्यापलीकडे तो मला नेत नसे. दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी म्हणाला, "केली, काथ्यातल्या रोपांची पानं टोकाला जळतात. तुझ्या देशाचा माल आहे, येऊन बघ." आणि मागचा पडदा बाजूला केला.

कापडी पिशव्यांत तीन झाडं उभी होती. पंजासारखी पानं, करवती कडा. नोकरीच्या काळात पोलिसांच्या पंचनाम्यांच्या नकला माझ्या टेबलावरून जात, आणि त्यांत 'गांजासदृश वनस्पती' हे शब्द मी इतक्यांदा लिहिले होते की तेच तोंडातून बाहेर पडले.

"काय म्हणालास?"

"गांजासदृश वनस्पती."

"छान नाव आहे," मॅटी म्हणाला. मग पडदा ओढून घेतला. "नोरासाठी आहे. रात्री झोप लागते तिला. तुला, मला आणि नोराला माहीत आहे. चौथ्याला नाही."

पहिल्या वर्षी त्याने ती दलदलीच्या मातीत लावली, ती कुजली. दुसऱ्या वर्षी दुकानातल्या तयार पोत्यातल्या मिश्रणात, तीही गळपटली. आता काथ्या आणि पर्लाइट, तर टोकं जळत होती. मी भुसा चिमटीत घेऊन जिभेला लावला. मॅटी बघतच राहिला.

"खारट आहे. आमच्याकडे सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवतात. धुतलास का हा?"

धुतला नव्हता. त्या दुपारी आम्ही दोघांनी तीन बादल्या भुसा चार पाण्यांत धुतला, पिळला, त्यात पर्लाइट आणि जाड खडी कालवली. मुठीच्या परीक्षेत पास. पाण्याच्या परीक्षेत बे सक बारा. तीन आठवड्यांनी नवी पानं हिरवीगार. एवढ्या वर्षांच्या कारकुनीत माझ्या हातून काही उगवलं असेल तर ते हेच, आणि ते इथल्याही कायद्याविरुद्ध होतं. पण मला अभिमान वाटत होता, हे लपवत नाही.

त्याच वर्षी निखिलने नागरिकत्वाचा अर्ज केला होता. घरात रोज तोच विषय. "बाबा, काही काळजी नको, सगळं ऑनलाइन असतं," निखिल म्हणायचा. पण मला वेडं समजू नये. माझा जन्म दाखल्यांत गेला. अर्ज आला की चौकशी येते. पोलीस घरी येतो, चहा घेतो, शेजारपाजार विचारतो, इकडचं तिकडचं बोलत नजर फिरवतो. आणि जो माणूस विचारायच्या आधी सगळं सांगतो त्याचा कागद पुढे सरकतो. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं होतं.

सप्टेंबरात एका सकाळी दारात गार्डा उभा राहिला. गार्डा म्हणजे इथला पोलीस. तरुण, लाल कानांचा. घरात मी एकटा. मी त्याला बसवलं, चहा टाकला, चिवडा ठेवला आणि कागदपत्रांची फाइल आणून मांडीवर घेतली.

तो हवेबद्दल बोलला. मग आमच्या चहाबद्दल. मग भारतात किती उकडतं त्याबद्दल. आता मला माहीत आहे की इथला कुठलाही माणूस दहा मिनिटं हवेवर बोलल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. तेव्हा मला वाटलं, पोरगा हुशार आहे, घोळात घेतोय.

"इथे बरं चाललंय ना तुमचं?" त्याने विचारलं.

"उत्तम."

"शेजारी चांगले आहेत?"

"चांगले."

"पलीकडचा मॅटी आहे का घरी? गाडी दिसत नाही त्याची."

वारा आमच्याकडे होता आणि त्या दिवसांत झाडं फुलावर आलेली. मला सगळ्या घरात तोच वास येत होता. हे पोरगं तो वास घेऊन आलं आहे, आणि आता निखिलच्या अर्जावर शेरा पडणार, ईराची शाळा, घर, सगळं...

"साहेब," मी म्हणालो, "तो वास आमच्या घरातला नाही."

त्याने चिवड्यातला शेंगदाणा तोंडाशी नेलेला तिथेच धरला. "कुठला वास?"

आणि मी सांगितलं. पडदा, पिशव्या, तीन झाडं. भुसा मी धुतला होता तेवढं सोडून सगळं.

त्याने शेंगदाणा वाटीत परत ठेवला. मग खजील होऊन म्हणाला, "मी खरं तर पुढच्या गल्लीतला एक ट्रेलर चोरीला गेलाय, त्याची विचारपूस करत आलो होतो."

दोन दिवसांनी दोघे गार्डा येऊन झाडं घेऊन गेले. मी खिडकीच्या पडद्याआड होतो. त्यांनी पिशव्या उलट्या केल्या तेव्हा आमचं मिश्रण अंगणात पडलं आणि पावसात पांढरे दाणे दूरवर तरंगत गेले. कोर्टात मॅटीला समज देऊन सोडलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "न्यायाधीशबाईंनी विचारलं, काही सांगायचंय? मी म्हटलं, हो, तुमच्या आवारातलं गटार तुंबलंय." लोक हसले. मीही हसलो.

नोराचा तो हिवाळा मात्र वाईट गेला. वाक्यांच्या मधलं थांबणं लांबत गेलं.

आणि सांगितलं कोणी, हे गावाने आपसूक ठरवलं. डेक्लन. आमचा पोस्टमन. नोराच्या चुलत बहिणीचा मुलगा. रोज टपाल द्यायला आला की दहा मिनिटं नोराला पेपर वाचून दाखवायचा, कारण पेटके आले की तिला अक्षरं धरता येत नसत. झाडं जायच्या आदल्या आठवड्यात तो पार्सल घेऊन थेट पॉलिटनेलमध्ये शिरला होता आणि "मॅटी, तुझे टोमॅटो फार उग्र वासाचे आहेत," असं म्हणाला होता. तेवढं पुरलं. मॅटीने त्याच्याशी बोलणं टाकलं. टपाल दारातून घ्यायचा आणि पाठ फिरवायचा.

"मी नाही सांगितलं, मॅटी," डेक्लन एकदा गेटपाशी म्हणाला. मी कुंपणाच्या अलीकडे कढीपत्त्याला पाणी घालत होतो.

"मग कोणी? केलीने?" मॅटी म्हणाला, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी पाणी घालत राहिलो.

नाताळानंतर डेक्लनने दुसरं गाव मागून घेतलं. नोराला पेपर वाचायला कोणी उरलं नाही, म्हणून मी जाऊ लागलो. हो, मीच. मला मेयोतली गावांची नावं उच्चारता येत नसत आणि नोरा पेटक्यातही हसायची. "केली, हे गाव इथून चार मैलांवर आहे, तू त्याला रशियात पाठवलंस." मग मॅटी मला चहा द्यायचा, दुसरा द्यायचा, तिसऱ्याला नको म्हटलं तर रागवायचा. असा मी दोन वर्षं डेक्लनच्या खुर्चीत बसून चहा प्यालो.

निखिलला नागरिकत्व मिळालं. चौकशीला कोणीही आलं नाही.

रोज जाताना ठरवायचो, आज सांगायचं. निखिलला सांगितलं नाही, मृणालला नाही. मॅटीला सांगायचं वाक्य मात्र इंग्रजीत पाठ केलं होतं. पण तो समोर आला की नवीन काहीतरी काढायचा. हे बघ केली, पाइनच्या सालीचे तुकडे. हे बघ, ज्वालामुखीचा दगड. गांजासदृश वनस्पतीला आता रजा होती, पण मिश्रणांचा नाद त्याला सुटला नव्हता. टोमॅटोंवर प्रयोग चालत. इतका आनंदी माणूस समोर असला की वाईट बोलायला सवड सापडत नाही. हे मी स्वतःला सांगायचो. खरं कारण एवढंच की मला तो चहा हवा होता.

मागच्या महिन्यात मी निखिलला सगळं सांगितलं आणि त्याच्याबरोबर डेक्लनकडे जाऊन आलो. डेक्लनने चहा दिला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "नोरामावशी गेली तेव्हा मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो होतो," एवढंच म्हणाला. दुसरा चहा विचारला नाही. आयर्लंडमध्ये दुसरा चहा विचारत नाहीत याचा अर्थ मला आता कळतो.

मॅटी आणि नोरा त्याच्या कितीतरी आधी, झाडं गेल्यानंतरच्या तिसऱ्या वसंतात, स्लायगोला मुलीकडे गेले होते. तिथेच पुढे नोरा गेली आणि या जानेवारीत मॅटी. मी त्याला शेवटचा पाहिला तो ते निघाले त्या सकाळी. मुलीची गाडी दारात, नोरा पुढच्या सीटवर, तिच्या मांडीवर बादली, तिच्यात तो स्पंज की काय. मॅटी कुंपणावरून पाय टाकून आला. आता त्याला वेळ लागत होता. मी हात दिला. त्याच्या दुसऱ्या हातात एक उंच कुंडी होती, आणि तिच्यात आमच्याच कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटलेलं एक रोप.

"शेवटचं मिश्रण," तो म्हणाला. "काथ्या धुतलाय. चार पाण्यांत." कुंडी कठड्यावर ठेवून त्याने माझ्या हातातला मग घेतला. "मोज."

त्याने पाणी ओतलं आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मी ठरवलं, पाणी खालून येईपर्यंत सांगून टाकायचं. त्याचे डोळे मिटलेले आहेत तोवर. वाक्य तयार होतं, चारदा आरशासमोर म्हटलेलं. बे एके बे. बे दुणे चार. मी म्हणालो, "मॅटी..."

बे त्रिक सहाला पाणी भोकातून धो धो कठड्यावर आलं.

मॅटीने डोळे उघडले, टाळी वाजवली. "अर्धी प्रार्थनासुद्धा नाही झाली! ग्रँड, केली, ग्रँड! आता तुला माझी गरज नाही." नोराने हॉर्न वाजवला. तो माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून, या वेळी गेटमधून, बाहेर पडला. वळणावर डबकं होतं. गाडी थांबली, दार उघडलं, एक बूट बाहेर आला आणि टाचेने पाण्याला वाट करून दिली. मग गाडी गेली.

कुंडी माझ्याकडे आहे. रोप आता माझ्या खांद्याला लागतं. दर रविवारी पाणी घालतो आणि पाढ्याऐवजी ते वाक्य म्हणतो, त्याला ऐकवायचं होतं तसं, पुरेपूर: मॅटी, तो डेक्लन नव्हता, तो मी होतो, मला माफ कर.

पाणी खालून यायच्या आत ते सहज म्हणून होतं.